सत्तेचाळीस नंबरची बुटकी

लातूर वेगळा जिल्हा होऊन दुसरं वर्ष लागलं होतं. उस्मानाबादेशी झालेल्या वाटणीत आम्हाला कचेऱ्या मिळाल्या, कलेक्टर मिळाला, नव्या पाट्या मिळाल्या. पाऊस तेवढा कुणाच्याच वाट्याला आला नाही. अशा दिवसांत चाकूर रस्त्यावरच्या एका लहानशा सरकारी शेतावर मी, मन्मथ, तिळाचे नवे वाण काढायला नेमलेला होतो. लग्नाच्या बोलणीत मी स्वतःला शास्त्रज्ञ म्हणवून घेतलं होतं आणि उदगीरच्या सासऱ्यांनी विश्वासही ठेवला. पहिल्याच आठवड्यात बायकोला, शिवकांताला, शब्द देऊन बसलो की माझ्या हातून निघणाऱ्या पहिल्या वाणाला तुझं नाव.

आठ वर्षं झाली, वाणाचा पत्ता नव्हता. त्यात वरून पत्र आलं: यंदा संकर करा, पुढच्या खरिपात दाखवा, नाहीतर योजना बंद.

शेतात गावोगावहून गोळा केलेल्या तिळाच्या साठ ओळी होत्या. त्यांतून एक आई आणि एक बाप निवडायचे. सगळ्या ओळींनी माना टाकलेल्या, आणि पहिल्या-दुसऱ्या ओळीच्या टोकाला दोन झाडं छातीइतकी उंच, बोंडांनी लगडलेली. मी हुरळून गेलो. आईला लाल दोरा बांधला, बापाला पांढरा. रोज संध्याकाळी आईची उद्या उमलणारी फुलं हेरायची, पाकळ्यांची नळी आतल्या परागासकट अलगद ओढून काढायची, वर शरबताच्या नळीचा तुकडा टोपीसारखा बसवायचा. सकाळी टोपी काढून बापाचा पराग लावायचा. महिनाभर मी मुलीच्या बापासारखा घामाघूम होतो.

खुरपणाऱ्या बायकांची म्होरकी गुणाबाई एकदा विळा टेकवून म्हणाली, "सायेब, ह्या धिप्पाड जोडप्यात काय न्हाई. ती सत्तेचाळीस नंबरची बुटकी बघा. पान्याचा थेंब न्हाई, तरी एक बोंड पोचट न्हाई."

"गुणाबाई, ह्याला शास्त्र लागतं," मी म्हणालो.

"हाव, ते तर दिसूनच राहिलंय," ती म्हणाली आणि खुरपायला लागली.

काढणी झाली. माझ्या संकराचं बी मी कपाटात कुलूपबंद केलं आणि नापास ओळींचा तीळ बायकांना नेऊ दिला. दुष्काळात तेवढंच पुण्य.

संक्रांतीच्या दिवशी घरी जेवायला बसलो. शिवकांतानं भाकरीवर तिळाची चटणी वाढली. पहिल्याच घासाला तेल जिभेवर उतरलं. "कुठले गं तीळ?"

"गुणाबाईनं आणून दिले. दोन मुठी होते बघा."

संक्रांतीला कोण कुणाला तीळ देत नाही? मी बोटं चाटून म्हणालो, "असा तीळ आमच्या शेतावर का येत नाही कोण जाणे! उद्या हीच चटणी परत कर."

पुढच्या खरिपातही पाऊस रुसलेलाच. माझं संकराचं पीक शेताच्या मधोमध पेरलं होतं. ते गुडघ्याइतकं होऊन वाळायला लागलं. असे आईबाप आणि अशी लेकरं! डोकं धरून मी बांधावर बसलो. दुपारची सुट्टी झाली. बायका पहिल्या ओळीच्या टोकाशी ठेवलेल्या रांजणावर आल्या, पाणी प्याल्या, हात धुतले आणि उरलेलं पाणी ओळींत फेकून गेल्या. मग मी उठलो, माझा डबा विसळला आणि ते पाणी तिथंच ओतलं. सवयीनं. गेल्या वर्षी ओतत होतो तसंच.

गेल्या वर्षीची ती दोन झाडं जातिवंत नव्हती. रांजणावर पोसलेली होती, आणि पोसणाऱ्यांत मीही होतो.

धावत गुणाबाईकडे गेलो. "ती सत्तेचाळीस नंबरची बुटकी! तिचं बी कुणी नेलं?"

"मीच येगळं झोडून ठिवलं होतं. संक्रातीचा सण बघून सगळंच तुमच्या घरी दिलं की. म्हनलं, आता तरी सायेब बघतील."

मूळ बी हदगावकडच्या एका म्हाताऱ्यानं चिमूटभर दिलं होतं. तो वारला होता आणि त्याच्या पोरांनी रानात कापूस लावला होता. आता जे काही असेल ते माझ्या स्वयंपाकघरात. सायकल हाणत घरी पोचलो आणि ओट्यावरचे डबे एकेक उघडून उपडे करायला लागलो.

"काय हुडकून राहिलात?" शिवकांतानं विचारलं.

मी सगळं सांगितलं. सांगताना मला रडू आलं. योजनेसाठी थोडं, त्या बुटकीसाठी जास्त. ती चुलीपुढून उठली.

"एक दाणा न्हाई उरला. दुसऱ्या दिवशी चटणी परत कर म्हनलात, केली. तुम्हीच पुसून खाल्ली."

सांडलेले डबे तिनं एकेक करून सरळ ठेवले. मग पदराला हात पुसत म्हणाली, "आता त्या चटणीला तरी माझं नाव द्या."