आत्याचा मान

बारशाला कोणाला बोलवायचं यावर सुशीलाबाईंच्या घरी तीन दिवस खल चालला होता. सडक अर्जुनीजवळच्या त्या गावात आमंत्रणं दोन तऱ्हेची. जवळच्यांना चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्यांनी घरी चूल पेटवायचीच नाही, झाडून सगळ्यांनी जेवायला यायचं. बाकीच्यांना घरटी एक माणूस. यात जरा चूक झाली की माणूस दहा वर्षं बोलत नाही, आणि पुढच्या लग्नात मुद्दाम येऊन वरणाला नावं ठेवतो.

सून पुष्पांजली लेकीला मांडीवर घेऊन यादी लिहीत होती. चूलबंदवाले ठरले. मग पाळण्यापाशी कोण कोण बायका उभ्या राहणार ते निघालं, तेव्हा सुशीलाबाईंनी स्वतःहूनच सांगितलं की माझं नाव त्यात घालू नका. नवरा, खेमराज, जाऊन दोन वर्षं झाली होती. विधवा बाईने पाळण्याला हात लावायचा नाही हा नियम त्यांनी सासूकडून घेतला होता आणि सासूपेक्षा कडक पाळला होता. पण मुलगा हिमांशु हटून बसला, आजीच बाळाला पाळण्यात घालणार, नाहीतर बारसंच नको. चुलत दीर शालीकराम म्हणजे सोवळ्याओवळ्यात गावात एक नंबर. तेसुद्धा म्हणाले की आता कोण पाहते हे, जमाना बदलला.

सुशीलाबाईंना बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फारच बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना मात्र त्यांचा हात थांबला. जमाना बदलला तो नेमका आपल्या दारात येऊनच कसा बदलला?

बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. हिमांशुला सख्खी बहीण नव्हती, म्हणून चुलत बहीण नीतूचं नाव ठरलं होतं. पण हिमांशुला स्वतःला सख्खी आत्या होती. शकुंतला, खेमराजची धाकटी बहीण. तेविसाव्या वर्षी तिचं कपाळ पांढरं झालं नि ती माहेरी परत आली, त्याच साली हिमांशु जन्मला. बारशाच्या सकाळी सुशीलाबाईंनी तिला मागच्या पडवीत वडे तळायला बसवलं. नाव चुलत नणंदेने सांगितलं. शकुंतला दिवसभर तळत राहिली. पुढे चिचगडला अंगणवाडीत लागली नि तिकडचीच झाली. कार्य असलं की येई, जेवे, संध्याकाळच्या गाडीनं परत जाई. तिला आमंत्रण जायचं ते घरटी एक माणूस. पुष्पांजलीने याही वेळी तसंच लिहिलं होतं, कारण सासूने तसंच सांगितलं होतं.

सुशीलाबाई कोणाला काही न सांगता निघाल्या. देवरीला एसटी बदलून चिचगडला पोचल्या तेव्हा ऊन चढलं होतं. शकुंतला अंगणात चिंच फोडत होती. तिनं पाणी दिलं, पोरीची खुशाली विचारली, पण कशाला आलात हे विचारलं नाही. सुशीलाबाईंनीही चिंच फोडायला घेतली. फोडता फोडता त्या म्हणाल्या.

"पोरीच्या कानात नाव तुमी सांगा, बाई. आत्याचा मान तुमचा आहे."

शकुंतलाने मान वर केली नाही. "दादा असता त आल्या असत्या का तुमी?"

सुशीलाबाईंनी हातातली चिंच खाली ठेवली.

"नाही," त्या म्हणाल्या. "नसती आली. तवा मले खरंच वाटे का तुमचा हात लागला त माया पोराले काहीतरी होईल. आता माया हाताचंही तेच म्हणलं पायजे मी. पण मन मानून नाही राहिलं."

शकुंतलाने चिंचोके बाजूला सारले. "चिचगडातली अर्धी पोरं या हातांनी वजनकाट्यावर ठेवली मी. एकालेही काही नाही झालं." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "हिमांशुसाठी नाव ठरवून ठेवलं होतं मी. वडे तळता तळता तेच घोकून राहिली होती. वाटे, कोणीतरी हाक मारन."

"कोणतं?"

"तुमाले कायले सांगू? ते त्याच्या कानात सांगाचं होतं."

सुशीलाबाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. निघताना म्हणाल्या, "चूलबंद आहे, बाई."

"घरात मी एकटीच त आहो."

"तरी चूलबंदच."

शकुंतला हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. गाडीत बसून सुशीलाबाईंना घरापर्यंत एकच धास्ती होती, ही येते की नाही. घरी सांगितल्यावर शालीकराम उठून अंगणात गेले. जमाना एवढाही बदलावा अशी त्यांची अपेक्षा नसावी. पण नीतूने मान हसत सोडला.

बारशाच्या दिवशी शकुंतला सकाळच्या पहिल्याच गाडीनं आली. सुशीलाबाईंनी नातीला पाळण्यात घातलं आणि मागे सरकून नणंदेला जागा करून दिली. शकुंतला पाळण्यापर्यंत गेली, थांबली, आणि मंडपाकडे वळून तिनं हिमांशुला हाक मारली.

"इकडं ये. बस खाली."

आचाऱ्याशी बोलत उभा असलेला एकतीस वर्षांचा बाप्या काही न कळून सतरंजीवर बसला. शकुंतलाने वाकून त्याच्या कानाशी हाताचा आडोसा केला आणि काहीतरी सांगितलं. ऐकता ऐकता हिमांशु आधी हसला, मग हसू थांबलं, आणि त्यानं आत्याचा हात तसाच धरून ठेवला. शकुंतलाने हात सोडवून घेतला, पदराने तोंड पुसलं आणि ती पाळण्यावर वाकली.

हिमांशुने ते नाव कोणाला सांगितलं नाही. सुशीलाबाईंनीही विचारलं नाही.