काउंटरच्या या बाजूला

शनिवारी दुपारी मी आणि माझी नात आमच्या आवडत्या सुशीच्या हॉटेलात जेवायला जातो. नातीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. वय नऊ, एका जागी बसणं ठाऊक नाही. पण तिथल्या काउंटरपुढच्या उंच खुर्चीवर ती तास तास बसते, कारण समोर मावशी काम करत असते. मावशी म्हणजे तिथली मुख्य स्वयंपाकीण. हे नातं भिंगरीने पहिल्याच दिवशी लावलं आणि मावशीने ते मुकाट्याने मान्य केलं.

आमचं निम्मं जेवण डोळ्यांनीच होतं. मावशी ओल्या बोटांनी आंबटगोड भाताचा घास उचलते, तळहातात दोनतीनदा दाबते, वर माशाचा पातळ काप बसवते, की घास तयार. मी भिंगरीला एकदा मोजायला सांगितलं. भात उचलल्यापासून ताटलीत ठेवेपर्यंत तिचे सहा अंकही पुरे झाले नाहीत. हातातून घास पडत नाही, पण तोंडात गेल्याबरोबर सुटतो. हे कसं होतं ते मला अजून कळलेलं नाही. पद्धत सगळी जपानी, पण मावशी सॅमनवर आंब्याची फोड ठेवते, त्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा टेकवते. भिंगरीचा जीव त्या आंब्यावर.

त्या शनिवारी आमच्या शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. खुर्चीला काठी टेकवलेली, पाठ ताठ. मावशी नेहमीसारखी हसली नाही. वाढणाऱ्या बाईंनी पाणी ठेवता ठेवता माझ्या कानाशी सांगितलं, “वस्ताद आलेत. हॉटेल त्यांचंच. हिला बारा वर्षं त्यांनी हाताखाली शिकवलं. गुडघे गेले म्हणून दोन वर्षं घरी होते. आता कोणीतरी कळवलं की ही सुशीवर आंबा ठेवते. आज खाऊन बघणार आणि ठरवणार, हॉटेल हिच्या हवाली करायचं की विकून टाकायचं.”

“आजोबा, म्हणजे तोंडी परीक्षा?” भिंगरीने मला विचारलं. तिचं कुजबुजणं रस्त्यापर्यंत ऐकू जातं.

“तोंडीच,” वस्ताद समोर बघतच म्हणाले. “आधी अंडं दे गं.”

मावशीने अंड्याची थरांची वडी कापून ठेवली. ती साधी दिसते, पण तिच्यावरूनच स्वयंपाक्याचा हात ओळखतात, असं मावशीनेच आम्हाला सांगितलं होतं. वस्तादांनी चॉपस्टिकने वडी उचलली, बराच वेळ चावली.

“गोड,” ते म्हणाले. एवढंच. चांगली गोड की जास्त गोड, कोणालाच कळलं नाही.

मग मावशीने पांढऱ्या माशाचा घास केला आणि त्यांच्यापुढे ठेवला. वस्तादांनी तो उचलला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते ताटलीकडे पाहत राहिले.

“हे काय?”

“तुमचा घास.”

“तो दिसतोय. ठेवलायस कसा? बारा वर्षं माझ्यासमोर उभी राहिलीस, आणि घास ठेवायला विसरलीस?”

मी वाकून पाहिलं. माझ्या ताटलीतला घास एका अंगाला कलता होता, त्यांच्या ताटलीतला बरोबर उलट. इतके महिने तिथे जेवतोय, पण घास कलता ठेवतात हेच माझ्या लक्षात आलं नव्हतं.

“उजव्या हाताने खाणाऱ्याला असा, डावखुऱ्याला तसा. म्हणजे बोटं अलगद त्याच्यावर जातात,” मावशी म्हणाली. “तुम्हीच शिकवलंत.”

“मग मी डावखुरा आहे?”

“हो.”

वाढणाऱ्या बाई ट्रे घेऊन जागच्या जागी थांबल्या.

“अगं, चाळीस वर्षं मी सुरी उजव्या हातात धरली.”

“माशाच्या सुरीला एकाच बाजूने धार असते. तुमच्या वस्तादांकडे सगळ्या सुऱ्या उजव्या हाताच्या असतील, तुम्ही तसे शिकलात. चॉपस्टिकची सवयही उजव्या हाताला तशीच लागली असेल.” मावशीचा आवाज बारीक झाला होता, पण ती थांबली नाही. “रोज सकाळी भात झाला की तुम्ही चिमूटभर चाखून बघायचात. तो मात्र डाव्या हाताने. बारा वर्षं, एक दिवस चुकला नाही. मी समोरच असायचे.”

वस्तादांनी डावा हात मांडीवरून उचलला आणि कोणा दुसऱ्याचा असावा तसा पाहिला.

“आमच्या वर्गात एक डावखुरी आहे,” भिंगरी म्हणाली. “तिला कात्री चालत नाही.”

“मग ती काय करते?” वस्तादांनी अगदी मनापासून विचारलं.

“वेडंवाकडं कापते. बाई म्हणतात, कापलं ना, झालं.”

“चांगल्या आहेत बाई.”

त्यांनी डाव्या हाताची तीन बोटं पुढे केली. ती घासावर जाऊन अशी बसली, जणू तो घास त्यांच्या बोटांचं माप घेऊनच केला होता. त्यांनी खाल्लं आणि डोळे मिटले. मीही जन्मभर मुलांना समोर बसवून शिकवलं आहे. कोण कसा बसतो, कोणाचं पेन कोणत्या हातात, यावर माझं लक्ष असे. समोरून एखादं मूल मलाही असं बघत असेल, इतकं बारीक, इतक्या मायेने, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं. ताटलीतला माझा घास मी कितीतरी वेळ तसाच राहू दिला.

“असं असतं होय,” वस्ताद डोळे न उघडता म्हणाले. मग भिंगरीच्या ताटलीकडे वळले. “हे पिवळं म्हणजेच तो आंबा?”

“हो. मी देणार नाही हं,” भिंगरीने ताटली जवळ ओढली.

मावशीने त्यांच्यासाठी वेगळा केला. तोही त्यांनी डाव्याच हाताने खाल्ला. कपाळावर घाम आला.

“मिरची कमी कर.”

“नाही करणार,” मावशी म्हणाली, आणि म्हटल्यावर स्वतःच दचकली.

वस्ताद चावत राहिले. नाक पुसलं, पाणी प्यायले.

“बरं,” ते म्हणाले.

“पास झाली का ती?” भिंगरीला राहवेना.

“ते मी कसं सांगणार, बाळ? मी काउंटरच्या या बाजूला बसलोय. इकडच्यांनी खायचं.” काठी घेऊन ते सावकाश उठले. “सोमवारी वकिलाकडे ये गं, कागदपत्रं करून टाकू. आणि पुढच्या शनिवारी ही खुर्ची मला ठेव. या पोरीच्या शेजारची.”

मावशी वाकून उभी होती. दार बंद झाल्यावरही तशीच राहिली. मग तिने नळ सोडून हात धुतले, पुन्हा धुतले, आणि भिंगरीचा राहिलेला घास करायला घेतला. भात तिच्या बोटांतून निसटून ओट्यावर पसरला. दुसऱ्यांदा केला, तो ताटलीत ठेवताक्षणी फुटला.

“आज होत नाहीये गं,” मावशी म्हणाली. फुटलेल्या घासाची ताटली तिने तशीच पुढे सरकवली.

“असू दे,” भिंगरी म्हणाली, “चमचा दे.”

मावशीने चमचा दिला.