घ्या, पण घरी नेऊ नका

मी बोलतोय तो लुगालियाच्या काखेतून, तेव्हा आवाज जरा दबका आला तर सांभाळून घ्या. लुगालिया एरवी बाजारात मक्याच्या गोण्या ओरडून विकतो आणि चर्चमध्ये लिलाव असला की मला ओरडून विकतो. घाम त्याला दोन्हीकडे सारखाच येतो.

मी कोंबडा. नाव चेअरमन. पंख तांबूस, शेपटी काळी, तुरा एका बाजूला कललेला. आजवर मला सतरा वेळा विकलंय आणि एकदाही कापलेलं नाही. आमच्या या व्हिहिगा भागात दारात पाहुणा आला की यजमानाची नजर आधी कोंबड्याकडे वळते, हे लक्षात घ्या, म्हणजे या वयाला पोचणं किती अवघड आहे ते कळेल. लुगालिया अजून घसा साफ करतोय. तेवढ्यात माझी हकिगत सांगून टाकतो.

माझा जन्म कागेहाबाईंच्या चुलीमागचा, केळीची वाळकी पानं घातलेल्या टोपलीतला. आम्ही नऊ भावंडं होतो. आईला मुंगसाने नेलं आणि भावंडांना एकेक करून घारीने. मी वाचलो, कारण मी मिनायोच्या मांडीवर होतो. मिनायो ही कागेहाबाईंची मुलगी, तेव्हा सात वर्षांची. तिच्या पायांत जन्मापासून बळ नव्हतं. ती दिवसभर अव्होकाडोच्या झाडाखाली चटईवर बसायची आणि तिच्या ताटलीतली उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, अर्धी तिच्या पोटात, अर्धी माझ्या पोटात जायची. काहीही काम न करता सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहतो, म्हणून तिने माझं नाव चेअरमन ठेवलं. मला ते फार आवडलं.

मग मुहोंजाबाईंनी केंद्र काढलं. बाई निवृत्त नर्स. चहाची पानं जिथे वजन करून घेतात त्या शेडजवळ दोन खोल्या, त्यात मिनायोसारखी चौदा मुलं. पायांचा व्यायाम, वाचन, दुपारी गरम पेज. सकाळी एक पिवळी व्हॅन घरोघर जाऊन मुलांना गोळा करायची. एकदा मीही टपावर बसून गेलो. रस्ताभर आरवत होतो, त्यामुळे त्या दिवशी हॉर्न वाजवावा लागला नाही. सहा महिन्यांत मिनायो दांडी धरून उभी राहायला लागली. दांडी सोडली की धप्पकन बसायची, पण उभी राहायची.

आणि मग व्हॅन थांबली. ती धडधाकट होती हो, बिघडलं काहीच नव्हतं. डिझेल आणि ड्रायव्हरचे पैसे परदेशातलं एक मंडळ पाठवायचं. त्या मंडळाचं पत्र आलं, की यापुढे आम्ही दुसऱ्या देशात काम करणार, तुम्हाला शुभेच्छा. शुभेच्छा टाकीत ओतून बघितल्या असत्या बाईंनी, पण टाकीचं झाकण गंजलं होतं. मिनायो परत अव्होकाडोच्या झाडाखाली आली. तिचे पाय महिन्याभरात पुन्हा आखडायला लागले. रात्री कागेहाबाई तेल चोळायच्या तेव्हा ती दात दाबून धरायची. मला ते बघवत नसे, म्हणून मी तोंड फिरवून बसायचो.

मुहोंजाबाई भागीदार शोधायला निघाल्या. बँक झाली, दुकानं झाली, मोटरसायकलवाल्यांची संघटना झाली. एका कंपनीने माणसाच्या उंचीचा पुठ्ठ्याचा चेक आणला, मुलांबरोबर फोटो काढला आणि खरा चेक मागाहून येईल असं सांगून निघून गेली. पुठ्ठा राहिला. त्याच्या आडोशाला मी खूप दिवस झोपलो, ऊब चांगली होती. दुसऱ्यांनी भिंतीला रंग दिला. तिसरे आले, तेही रंग द्यायला. भिंतींवर रंगाचे इतके थर चढले की खोल्या लहान झाल्या, असं बाई म्हणायच्या. डिझेलचं नाव काढलं की मात्र सगळ्यांना दुसरीकडे मीटिंग असायची.

शेवटी किसुमू शहरातल्या एका बेकरीने साहेब पाठवले. गुयो हलाके त्यांचं नाव. उंच, सडपातळ, बुटांना पॉलिश. माणूस उत्तरेचा, मार्साबिटकडचा, बेकरीत नवा. त्यांना दाखवायचं होतं की गावही स्वतःच्या खिशात हात घालतं. म्हणून चर्चमध्ये लिलाव ठरला. प्रत्येक घरातून काहीतरी द्यायचं. कागेहाबाईंकडे द्यायला मी सोडून काही नव्हतं.

"ने त्याला," मिनायो म्हणाली. "तो परत येतो."

ते खरंच होतं. आमच्याकडची रीत अशी, की लिलावात कोंबडा घेणारा पैसे मोजतो आणि लगेच म्हणतो, "परत विका." मग दुसरा घेतो, तोही म्हणतो परत विका. शेवटचा घेणारा मला ज्याच्या त्याच्या घरी परत धाडतो. असा मी चर्चच्या छपरासाठी विकला गेलो, विहिरीसाठी विकला गेलो, शाळेच्या बाकांसाठी तर एका दुपारी पाच वेळा. आणि संध्याकाळी आपला मिनायोच्या मांडीवर हजर.

त्या रविवारी आधी जेवण झालं. गुयोसाहेबांपुढे आख्खा कोंबडा मांडला, मानाचा तुकडा वर ठेवून. माझा लांबचा चुलतभाऊ होता तो, तिरसट स्वभावाचा, मला फारसं दुःख झालं नाही. साहेबांनी ताटलीकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "माफ करा, आमच्याकडे कोंबडी खात नाहीत."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. आमच्याकडे कोंबडा नाकारणं म्हणजे घरच नाकारणं. मला मात्र तो माणूस तिथल्या तिथे आवडला.

मग व्हॅनची बोलणी निघाली. साहेब म्हणाले, "आमची बेकरी गाडीला नवा रंग देईल, बाजूला नाव लिहील."

"रंगावर गाडी चालत नाही साहेब," मुहोंजाबाई म्हणाल्या. "मला तीन वर्षांचं डिझेल आणि ड्रायव्हर हवाय."

"दर महिन्याचं आमच्या नियमात बसत नाही बाई. एकदाच देता येईल असं काहीतरी सांगा."

जेवणाची खंत साहेबांच्या मनात असणार, कारण लिलावात माझा नंबर आला तेव्हा ते बोली चढवतच गेले. लुगालिया नाचायला लागला. "गेला, गेला, चेअरमन गुयोसाहेबांना गेला." सगळं चर्च त्या दोन शब्दांची वाट बघत थांबलं. साहेबांनी पैसे दिले, "आभारी आहे" म्हणाले, मला बखोटीला धरलं आणि गाडीत नेऊन ठेवलं.

लुगालियाचा हात तसाच पुढे राहिला. पाहुण्याला कोण सांगणार, की विकत घेतलेली वस्तू परत द्या? कुणीच सांगितलं नाही. गाडी निघाली तेव्हा मागच्या काचेतून मला मुहोंजाबाई दिसल्या. कपाळाला हात लावून उभ्या होत्या. गावचा कोंबडा गेला, डिझेलही गेलं.

किसुमूला मी पाच दिवस राहिलो. पहिल्या पहाटे तीनला आरवलो, मग चारला, मग आठवण झाली म्हणून साडेचारला. साहेबांच्या गाडीच्या टपावर नक्षी काढली. त्यांचे बूट आतून तपासले. ते मला ब्रेड घालायचे, तो मी खायचो, पण आभार मानायचो नाही. खरं सांगू का, मला घरची आठवण येत होती. उगालीची येत होती, आणि ती घालणाऱ्या हाताची तर फारच.

पाचव्या दिवशी साहेब लाल डोळ्यांनी बाहेर आले आणि वॉचमनला म्हणाले, "या पक्ष्याचं करू तरी काय? मी खात नाही, आणि हा झोपू देत नाही."

वॉचमन आमच्याकडचा. सगळी हकिगत ऐकून तो इतका हसला की त्याला गेट धरावं लागलं. "अहो साहेब, तुम्ही याला घरी आणलात? हा घरी न्यायचा नसतो. घ्यायचा आणि परत विकायला द्यायचा."

"मग विकत घेऊन मला मिळालं काय?"

"ते काही मिळत नाही. पण कोंबडा उरतो ना."

साहेबांनी वाकून माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं, एका डोळ्याने, कारण दोन्ही डोळ्यांनी बघायची सोय मला नाही.

त्याच दुपारी आम्ही केंद्रावर आलो. मुहोंजाबाई बंद व्हॅनच्या पायरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. साहेबांनी मला खाली सोडलं. "बाई, माझं चुकलं. हा किती वेळा विकला गेलाय?"

"तुमच्या आधी सोळा वेळा."

"आणि पहिल्याच माणसाने घरी नेला असता तर?"

"तर एका दुपारचा रस्सा झाला असता," बाई म्हणाल्या आणि शेंगा सोलत राहिल्या.

साहेब त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. पॉलिशचे बूट धुळीत गेले, त्यांनी बघितलंही नाही. तासभर बोलत होते दोघं. ठरलं ते असं, की आमच्या भागात बेकरीचा जो पाव खपेल, त्या प्रत्येकामागे एक शिलिंग व्हॅनला. पाव विकायचा केंद्रातल्या मुलांच्या आयांनी, त्यांची कमाई त्यांना. वर्षातून एकदा चर्चमध्ये लिलाव, त्यात गाव जेवढं जमवील तेवढीच भर बेकरीची. असं तीन वर्षं. साहेबांच्या वरिष्ठांनी आधी नाक मुरडलं म्हणे. तेव्हा साहेबांनी त्यांना पाच पहाटेंचा वृत्तांत सांगितला.

दोन आठवड्यांनी व्हॅन दारात आली, जुन्याच रंगात. मिनायोला उचलून आत बसवलं तेव्हा कागेहाबाई रडल्या. मी टपावर होतो, मी रडलो नाही, आरवलो.

त्याला आता वर्ष झालं. माझी शेपटी विरळ झाली, नखं वाढली, उडी मारायच्या आधी विचार करावा लागतो. आज पुन्हा लिलाव आहे, आणि हा बघा, लुगालियाने मला डोक्यावर धरलं. "बोला, चेअरमनसाठी बोला."

"वीस शिलिंग."

आवाज ओळखीचा आहे. पहिल्या बाकाशी मिनायो उभी आहे, चार पायांची लोखंडी चौकट धरून. तिने वर्षभर आईबरोबर पाव विकलेत. वीस शिलिंग तिचे स्वतःचे आहेत.

पुढे कुणी बोलत नाही. मोटरसायकलवाल्यांनी हात पाठीमागे बांधलेत. गुयोसाहेब छताकडे बघतायत, जणू तिथे बोलीचा आकडा लिहिलाय. या म्हाताऱ्याला आता कायमचं पोरीच्या घरी राहू दे, असं सगळ्यांनी मनात ठरवलेलं दिसतंय. लुगालियाने मला तिच्यापुढे धरलं. "गेला. मिनायोला गेला. घरी ने पोरी त्याला."

मी पंख आवरून घेतले. तिच्या मांडीवर जायची तयारी केली. नाही कशाला म्हणू, थकलोय मी.

मिनायोने चौकट एक पाऊल पुढे सरकवली, मग स्वतः एक पाऊल टाकलं. नाणी लुगालियाच्या हातावर ठेवली. माझ्या कललेल्या तुऱ्याला बोट लावलं.

"परत विका, काका," ती म्हणाली.

मला तिला टोचावंसं वाटलं आणि तिच्या कुशीत शिरावंसंही वाटलं. काल-परवापर्यंत जिच्यासाठी मला विकत होते, तीच आता विकणाऱ्यांत जाऊन उभी राहिली.

तर मंडळी, लुगालियाने मला पुन्हा काखेत घेतलंय आणि तिथे फार घाम आहे. तुमच्यातलंही कुणीतरी बोला, लवकर बोला. मला घ्या. फक्त घरी नेऊ नका.