पहाटे पाचची नोंद

डॉक्टरांनी म्हाताऱ्याच्या भुवईत दोन बारीक सुया टोचल्या तेव्हा दिवा सिस्टरच्या हातात होता, आणि ती तोंड फिरवून उभी होती.

"काय सिस्टर, वीस वर्षं नोकरी झाली आणि मेलेल्या माणसाला भिता?"

"भीती जिवंतांचीच, साहेब," ती म्हणाली.

दाराशी म्हाताऱ्याचा मुलगा उभा होता. सकाळी आठला बाप निश्चल सापडल्यापासून त्याचं एकच पालुपद: हातपाय गार पडलेत, बाबा मध्यरात्रीच गेले, इथं कुणी फिरकलंसुद्धा नाही. रात्रीच्या नोंदींच्या तक्त्यावर मात्र सिस्टरच्या वळणदार अक्षरात होतं, 'पहाटे पाच. श्वास संथ, झोप शांत.' ती ओळ तिनं टेबलाशी बसूनच लिहिली होती. पाय भरून आले होते आणि म्हाताऱ्याची खाट वॉर्डच्या पार टोकाला. रोज झोपतोच की, म्हणून लिहून टाकलं. आता ते खोटं ठरलं की नोकरी गेलीच.

"माणूस गेला तरी स्नायू काही तास विजेला ओ देतात," डॉक्टर मुलाला सांगत होते. "सहा तासांच्या आत गेला असेल तर अर्धा चेहरा हलतो. त्याहून जास्त वेळ झाला असेल तर नुसती पापणी, आणि मग तीही नाही. आत्ता अकरा वाजलेत."

देवा, हलू दे रे, ती मनात म्हणाली. एवढी एक वेळ पदरात घे.

सुयांच्या तारा जोडलेल्या पेटीचं बटण डॉक्टरांनी दाबलं.

कपाळ आक्रसलं, पापणी घट्ट मिटली, गाल ओठाच्या कोपऱ्यासकट वर ओढला गेला. दाराशी मुलानं डोळे झाकून घेतले.

"बघा," सुया काढत डॉक्टर म्हणाले. "पाचला हे जिवंत होते. सिस्टरनं लिहिलंय ते बरोबर आहे."

तिच्या जिवात जीव आला. पण क्षणभरच. पाचला ते जिवंत होते, आणि ती टेबलापासून उठलीच नव्हती.

मुलगा जवळ आला.

"सिस्टर, मघाशी फार बोललो तुम्हाला. मनावर घेऊ नका. मला वाटलं, एकटेच तळमळत गेले." त्यानं बापाच्या गळ्यापाशी चादर सारखी केली. "तुम्ही गेलात तेव्हा जागे होते का हो? पाणीबिणी मागितलं?"

डॉक्टर पेटी बंद करून निघाले होते.

तिनं स्टूल पुढे ओढलं.

"बसा, दादा," ती म्हणाली. "आणि साहेब, तुम्हीही जरा थांबा."