जिना बाहेरून

लोक घर राहण्यासाठी बांधतात, असं आम्हाला कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवलं. पुढची तीन वर्षं ते घर पडू नये म्हणून काय करायचं, हे शिकवलं. लोक घर कोणाला तरी दाखवण्यासाठी बांधतात, कोणापासून तरी लांब जाण्यासाठी बांधतात, आणि यातलं काही घरात बोलता येत नाही म्हणून इंजिनिअरला बोलावतात, हा विषय अभ्यासक्रमात नव्हता. तो मी नाशकात, पंचवटीत ऑफिस थाटल्यावर शिकलो.

मखमलाबादच्या सहादूनानांचं घर अठ्ठ्याण्णव सालचं. रस्त्याला लागून नानांचा मळा, त्यात गुलाब, मेथी, कोथिंबीर आणि मध्ये पत्र्याचं घर. घरात नाना, त्यांची बायको कुसाबाई, दोन मुलं, दोन सुना, नातवंडं. थोरला वाल्मीक मळा बघायचा, धाकटा समाधान सातपूरला कंपनीत होता. डावीकडे बंगला उठला, उजवीकडे बंगला उठला, तेव्हा नानांना पत्रा गळतोय असं पहिल्यांदा जाणवलं.

"खाली-वर बांधायचं," नानांनी सांगितलं. "आन् जिना आतून. हॉलमधून."

मी जिना हॉलमधून काढला. वळणावर खिडकी, स्टीलचं रेलिंग. नकाशाची निळी प्रिंट खाटेवर पसरली, उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार कोबी ठेवले. सगळ्यांनी वाकून पाहिलं, सगळ्यांनी छान म्हटलं. हे लक्षण चांगलं नसतं. पण तेव्हा मी धंद्यात नवा होतो.

दुसऱ्या दिवशी वाल्मीक ऑफिसात आला. मेथीच्या दोन जुड्या टेबलावर ठेवून त्याने आधी दार लावून घेतलं.

"साहेब, जिना बाहेरून निघंल का?"

"निघेल की. पण नाना..."

"नानांना तुम्ही सांगायचं. मी आलतो म्हणू नका. कायतरी टेक्निकल सांगा."

"टेक्निकल म्हणजे काय?"

"ते मला ठाऊक असतं तर मीच इंजिनिअर झालो नसतो का?" मग खुर्ची पुढे ओढून तो म्हणाला, "समाधानला वेगळं राहायचंय. बोलत नाय बिचारा. धाकटाय ना. त्याच्यासाठी म्हणतो मी."

त्याच संध्याकाळी कंपनीच्या युनिफॉर्मवरच समाधान आला.

"सर, जिना बाहेरून घेता येईल ना? माझं नाव घेऊ नका. भाऊच्या मनात वेगळं व्हायचंय, मला दिसतं ना. थोरला म्हणून त्याला बोलता येत नाही. त्याच्यासाठी सांगतोय."

भावाभावांचं एकमेकांवर इतकं प्रेम मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नाना स्वतः आले. बसले, टोपी काढली, टेबलाकडे पाहिलं.

"दोघं येऊन गेले ना?"

"कोण? नाही, म्हणजे..."

"मेथी माझ्याच मळ्यातली हाय, साहेब." नानांनी एक जुडी उचलून परत ठेवली. "आता माझं ऐका. जिना बाहेर गेला का दुसरा दरवाजा आला. दरवाजा आला का दुसरा गॅस येतो. आमी चौघं भाऊ व्हतो. एकानं बाहेरून पडवी काढली, तिथून सुरुवात झाली. आज लग्नाच्या पत्रिकेपुरते भाऊ हाये आमी. माझ्या डोळ्यादेखत पोरांचं तसं नको. तुम्ही सांगून टाका, बाहेरचा जिना महापालिका पास करत नाय."

"करते, नाना. हद्दीपासून मोकळं मार्जिन सोडलं की करते."

"करती का, असं इचारलं का मी तुम्हाला?"

शनिवारी सातपूरला सुट्टी असते, म्हणून शनिवारी बैठक ठरली. मळ्यातच, शेडमध्ये. कुसाबाई आणि धाकटी सून मंजुषा गुलाबाच्या गड्ड्या बांधत बसल्या होत्या. मी प्रिंट पसरली.

"बोला साहेब," नाना म्हणाले. "टेक्निकल काय म्हणतं?"

बाप आणि दोन मुलं, तिघांनी माझ्याकडे पाहिलं. प्रत्येकाच्या नजरेत आपल्याच वकिलाकडे बघण्याचा विश्वास होता. मी बीमवर बोललो. हेडरूमवर बोललो. वाऱ्याची दिशा आणि काळ्या मातीचं फुगणं यांवरही बोललो, त्यांचा जिन्याशी संबंध नसला तरी. तिघंही माना डोलवत होते. असं बोलता येणं हीसुद्धा एक विद्या आहे, आणि तिच्यावर माझं घर चालतं.

"साहेब," गड्डी बांधता बांधता कुसाबाई म्हणाल्या, "वर ऱ्हानार कोण?"

आठवडाभर आम्ही जिन्याची चर्चा करत होतो. तो चढून जाणार कोण, हे कोणीच विचारलं नव्हतं. मीही नाही. नकाशात 'शयनकक्ष' लिहिलं की आमचं भागतं.

"समाधान राहील," वाल्मीक म्हणाला.

"भाऊ राहील," समाधान त्याच क्षणी म्हणाला.

"मी? मला मोटर चालू करायला पहाटं मळ्यात जावं लागतं. मी वर जाऊन काय करू?"

"आणि मला काय शिफ्ट नाही? बूट घालून जिने चढू-उतरू?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वर जाईल तो वेगळा झालेला. खाली राहील तो आईबापांना सांभाळणारा. दोघांनाही वेगळं व्हायचं होतं, फक्त खाली राहून.

"मंग मीच ऱ्हाते वर," कुसाबाई म्हणाल्या.

मंजुषाच्या हातातला दोरा सुटला. "आत्या! आम्ही कधी काही बोललो का तुम्हाला?"

"नाय गं बाई. तू लय बोलती, आन् चांगलंच बोलती. माझा चहा गार व्हतो." कुसाबाईंनी देठं सारखी केली. "लगीन करून आले तवा सासू आन् जावा. मंग सुना. एक कप चहा एकटीनं पिले नाय अजून. मला वर एक खोली द्या, एक ओटा द्या. जिना बाहेरून. माझ्या घरी जायला मी कोनाच्या टीव्हीपुढून जायची नाय."

"आन् मी?" नाना म्हणाले.

"तुम्ही मालक. तुम्हाला कोन अडवतं? कुठंबी ऱ्हा."

"बाहेरून जिना म्हंजे घर फुटलं, कुसा."

"काय फुटलं? दोघं पोरं खाली, एका गॅसवर. तुम्हाला तेच पाहिजे व्हतं ना?"

बाहेरचा जिना मुलांनी मागितला होता आणि तो त्यांना मिळाला होता. आता एकाच स्वयंपाकघरात दोन सुना आणि वर जायला जागा नाही, असा तो जिना होता.

नानांनी शेवटचा उपाय काढला. "हिचे गुडघे धरलेत. साहेब, सांगा हिला, जमायचं नाय म्हनून."

त्या घरात माझ्यासमोर आलेला हा पहिला खरा इंजिनिअरिंगचा प्रश्न. उत्तर मला बोलून देता येईना, म्हणून मी शेडमागून विटा आणल्या. दोन विटा एकावर एक आडव्या ठेवल्या. कुसाबाईंनी पाय सहज ठेवला आणि वर चढल्या. वर फरशीचा तुकडा ठेवला, तेव्हा चढल्या, पण तोंड वाकडं झालं. मी तुकडा काढून टाकला.

आता पायरी ठेंगणी केली की पायऱ्या वाढतात. पायऱ्या वाढल्या की जिना लांबतो आणि मार्जिन खातो. म्हणून मी सबंध घर पूर्वेला दोन फूट सरकवलं, कॉलम हलवले, फुटिंगचा हिशोब नव्याने केला, आणि जिन्याच्या मध्यावर टेकायला एक कट्टा दिला. नाशकात पायाखाली चांगला मुरूम लागला की अर्धी चिंता मिटते; तो लागला. पूर्ण पावसाळा जाऊन दिवाळीला स्लॅब टाकून झाला.

पुढच्या उन्हाळ्यात मी पूर्णत्वाच्या दाखल्यासाठी मोजमाप घ्यायला गेलो. खाली हॉलमध्ये एकच टीव्ही, त्याचा आवाज दोघा भावांनी आपापल्या मतांनी वाढवलेला. स्वयंपाकघरात दोन्ही सुना हळू आवाजात काहीतरी ठरवत होत्या. नाना हॉलमध्येच खाटेवर. वास्तुशांतीच्या दिवशी त्यांनी जाहीर केलं होतं की बाहेरच्या जिन्यावर आपण पाय ठेवणार नाही, आणि अजून ठेवला नव्हता. जेवण खाली होत होतं, भांडण खाली होत होतं. कुसाबाई जेवून वर जात.

मी टेप काढून बाहेर आलो, तर नाना मागोमाग आले. वरून आल्याच्या चहाचा वास येत होता.

नानांनी पहिल्या पायरीपाशी उभं राहून हाक मारली, "काय गं?"

"कोन हाय?"

"मी."

"काय काम हाय?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग वर तोंड करून म्हणाले, "इंजिनिअर साहेब आलेत. त्यांना जिना तपासायचाय."

"मंग पाठवा की त्यांना."

"एकट्यानं नाय तपासता येत. चढता माणूस लागतो. टेक्निकल हाय ते."

वर थोडा वेळ भांड्यांचा आवाज झाला. मी टेप गुंडाळून खिशात ठेवली.

"या मंग," कुसाबाई म्हणाल्या. "चपला खालीच काढा."