नवसाची कळशी

भातं कापून झाली तशी मंगलाने नवऱ्याला म्हटलं, "मला त्या देवीच्या गडावर जायचंय."

"तू एवढे देव सांभाळलेस, त्यांनी आपल्या पोराला सांभाळलं काय?" प्रताप म्हणाला. पण टेम्पो त्यानेच काढला.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा धीरज गडाच्या पायऱ्यांवरून कोसळला होता. मित्र मदत आणायला खाली धावले, तेव्हा जवळ पाड्यातली एक बाई होती म्हणे. तिने त्याच्या तोंडात पाणी घातलं असेल ना? नाहीतर पोर तहानलेलंच गेलं. त्याला घेऊन आपल्या गावी, पामला परतल्यापासून मंगलाला दुसरं काही सुचत नव्हतं.

मनोरच्या पुढे, डोंगराच्या पोटाशी पाडा. वर शिलाहारांच्या काळातला गड, कातळात खोदलेल्या पायऱ्या. प्रतापचे गुडघे धरलेले, तो टेम्पोतच बसला. मंगला विचारत विचारत त्या बाईच्या, तानीच्या दारी गेली.

तानी भात झोडत होती. धीरजचं नाव ऐकताच तिच्या हातातला भारा सुटला.

"बसा बाय. तुमी येनार, म्हाईत होतं."

"शुद्धीत होता?"

"होता. पानी मागत होता."

"दिलंस ना?"

तानीने मान खाली घातली. "डोक्यावर भरली कळशी होती. पन देवीची. माजा पोर तापानं फनफनलेला, नवस बोलले होते. नदीचं पानी गडावर नेईन, वाटंत टेकवनार नाय, कोनाला थेंब देनार नाय. धावत वर गेले, देवीला घातलं, टाक्यातलं भरून उतरले. तवर…"

"तुझा पोर?"

"वाचला."

मंगलाचा हात उगारला गेला आणि तसाच राहिला.

"तुमी असत्या तर टेकवली असती?" तानीने विचारलं. टोमणा नव्हता, ती खरंच विचारत होती.

सोमवार, प्रदोष, चतुर्थी. मंगलाने आजवर एक व्रत मोडलं नव्हतं. नवस धीरजसाठी असता आणि वाटेत परक्याचं पोर पडलेलं असतं, तर? ती उठली.

टेम्पोचं दार उघडून प्रताप ताटकळला होता. "भेटली? पाजलं होतं तिनं?"

"हो," मंगला म्हणाली. "पोटभर प्याला."

प्रतापला हुंदका फुटला. त्याने गडाकडे तोंड करून हात जोडले. "देवी त्या बाईचं भलं करो."

मंगलाला हात जोडवले नाहीत.