दोन सूत सरकलेलं बटण

आमच्या दुकानात कामाची वाटणी ठरलेली. कापणं-शिवणं मास्तरांचं, काज-बटण माझं. मास्तर म्हणजे माझा नवरा. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणतात, आणि डोकं फिरलं की मीही. बत्तीस वर्षांत या माणसानं एक बटण लावलेलं नाही. सांगितलं तर म्हणणार, "ते तुझं खातं."

म्हणून त्या सकाळी त्यांच्या शर्टाला इस्त्री करताना माझा हात थांबला. कॉलरचं बटण माझ्या हातचं नव्हतं. मी दोरा फुलीसारखा घालते, हा दोन सरळ रेघांत घातलेला. नीट पाहिलं, तर बटण चांगलं दोन सूत, म्हणजे पाव इंच सरकवलेलं, आणि शेजारी सुईची जुनी भोकं. म्हणजे एकदा नाही, दोन-तीनदा काढून लावलेलं. कपाटातले बाकीचे शर्ट काढले. सगळ्यांची तीच गत.

"मास्तर, हे काय?"

"कॉलर आटली."

"पाचही शर्टांच्या? गिऱ्हाइकांना कापड भिजवून आणा म्हणून दटावता, आणि तुमचेच शर्ट आटले? कुणाला शेंडी लावताय?"

त्यांच्याच गळ्यातली टेप ओढून मी मान मोजायला गेले, तर डाव्या जबड्याखाली बोटं अडली. गाठ होती. कोटाच्या बटणाएवढी, घट्ट.

"दुखते?"

"छे! अजिबात नाही. म्हणून तर बोललो नाही. तीन महिने झाले असतील."

मग एकेक बाहेर पडायला लागलं. डावा कान ठणकतो, गिळताना जास्तच. म्हणे मशीनच्या आवाजानं. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. म्हणे कापडाची तूस जाते. जिभेच्या मागच्या कडेला फोड आलाय, तो बरा होत नाही. म्हणे टाचण्या तोंडात धरतो, एखादी लागली असेल. प्रत्येक दुखण्याला धंद्यातलं एक कारण चिकटवून माणूस मोकळा! कानात थेंब घालून घालून औषधवाल्याचं तेवढं भलं केलं.

"आणि गाठ कशानं आली? इस्त्रीनं?" मी विचारलं. त्याच दुपारी दुकानाला कुलूप लावलं आणि त्यांना दवाखान्यात नेलं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाई आमच्या लेकीच्या वयाच्या होत्या. मी त्यांना बटणापासून सगळं सांगितलं. कानात बघून म्हणाल्या, "कान अगदी स्वच्छ आहे." मास्तरांनी लढाई जिंकल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

"त्याचीच मला काळजी वाटते," बाई म्हणाल्या. "कानात काही नाही आणि तरी कान दुखतो, म्हणजे मूळ दुसरीकडे आहे. घशातलं दुखणं नसांवाटे कानात जाणवतं."

म्हणजे तीन महिने मास्तरांचं चोर सोडून संन्याशाला फाशी चाललं होतं. बाईंनी तोंडात बोट घालून जीभ चाचपली, नाकातून बारीक नळी घालून घसा पाहिला. मी सरळच विचारलं, "कॅन्सर आहे का?"

"मानेत गाठ आली म्हणजे कॅन्सरच, असं मुळीच नाही. सर्दी-तापानं येते, किडक्या दातानं येते. तशी गाठ बहुतेकदा दुखते आणि दोन-तीन आठवड्यांत उतरते. ही दुखत नाही आणि वाढत चाललीय. म्हणून सुई घालून तपासायची. जिभेवरचाही तुकडा काढू."

"सुईला मी भीत नाही," मास्तर ऐटीत म्हणाले. आणि सुई आली तेव्हा माझा हात असा आवळला, की बांगडी रुतली.

रिपोर्टला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मास्तरांनी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. मी न बोलता उसवल्या.

कॅन्सरच निघाला. जिभेच्या मुळाशी सुरुवात, तिथून मानेच्या गाठीत. बाकी कुठे पसरला नव्हता. "बरा होण्यातला आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण अजून दोन वेळा बटण सरकवलं असतंत, तर मला हे म्हणता आलं नसतं."

खाली उतरताना मास्तर जिन्यातच बसले. "मला कळत होतं गं. बटण तुझ्याकडे दिलं असतं तर तू विचारलं असतंस. उत्तर ऐकायची छाती नव्हती माझी."

मी चकार शब्द काढला नाही. सात आठवडे किरणांचे उपचार चालले, जोडीला औषधं. मास्तरांचं तोंड सोलून निघालं, चव गेली, आवाज बसला. मी सगळं पातळ करून चमच्यानं भरवत होते आणि अगदी शहाण्यासारखी वागत होते. एक दिवस त्यांनी कापडाचा तुकडा ओढला आणि खडूनं लिहिलं, "तू ओरडत का नाहीस? डॉक्टरांनी तुला एकटीला काही वेगळं सांगितलंय का?"

मला हसू फुटलं, आणि त्यातच रडू. "नाही हो. देवाशप्पथ नाही. तोंड उघडलं तर रडेन, म्हणून गप्प आहे." त्यांनी प्रश्नाखाली खडूनं आणखी एक रेघ ओढली. विश्वास बसलेला दिसत नव्हता.

उपचार संपल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडाला धरली, मान दोन्ही बाजूंनी चाचपली. "काही राहिलेलं दिसत नाही. तपासायला येत राहायचं, ते चुकवायचं नाही. पण आज इथे काही नाही."

"मी बघू?" मी विचारलं. बाई बाजूला झाल्या. मी डाव्या जबड्याखाली बोटं फिरवली, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. काही लागलं नाही.

आणि मग माझा बांध फुटला. "तीन महिने? तीन महिने एका घरात राहून बायकोपासून लपवता? मी कोण, शेजारीण? तुमचं काही बरंवाईट झालं असतं तर मी काय करायचं होतं, भिंतींशी भांडायचं होतं? अक्कल काय गहाण ठेवली होतीत?" नर्स दारातून डोकावली. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मला काही थांबता येईना. शेवटी दम लागला म्हणून थांबले.

मास्तर खुर्चीत डोळे मिटून बसले होते. गालांवरून पाणी वाहत होतं, आणि माणूस हसत होता.

"बोल गं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "थांबलीस का?"